परत आलेल्या बचावपटूचा मोसम मोजायचा कशाने?

चौकडीशर्ट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकतो. आमचा क्लब ब्रिस्टल रोव्हर्स. इंग्लंडच्या फुटबॉलची चौथी पायरी, म्हणजे लीग टू. प्रीमियर लीगच्या खालचं ज्यांना दिसत नाही त्यांनी हा धागा खुशाल ओलांडून पुढे जावं (हलकेच घ्या).

विषय टॉम लॉकयर. वेल्सचा मधला बचावपटू. पहिले मोठे सामने आमच्याकडूनच खेळला. २०१४ मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डकडून ०-१ हरून आम्ही फुटबॉल लीगमधूनच, म्हणजे चौथ्या पायरीच्याही खाली, बाहेर फेकले गेलो, ९४ वर्षांनी. तेव्हा तो संघात होता. पुढच्याच वर्षी वेम्ब्लीवर ग्रिम्सबीला पेनल्टींवर हरवून परत आलो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी चढलो. तेव्हाही होता. २०१९ ला तो चार्लटनला गेला, मग ल्यूटनला. मे २०२३ मध्ये ल्यूटन प्रीमियर लीगमध्ये पोचलं त्या सामन्यात तो मैदानावर कोसळला. बरा होऊन कर्णधार म्हणून परत उतरला आणि १६ डिसेंबर २०२३ ला बोर्नमथच्या मैदानावर हृदयविकाराचा झटका येऊन पुन्हा कोसळला. छातीत यंत्र बसलं. त्यानंतर ल्यूटनकडून तो अधिकृत सामना खेळलाच नाही. आणि २०२५-२६ च्या मोसमात परत आमच्याकडे आला. आम्हीही नुकतेच लीग वनमधून घसरून खाली आलेलो.

मैदानात माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे राहतात. त्यांचं म्हणणं, "क्लब म्हणजे काय आजोळ आहे, दमला की यायला?" मला तेव्हा राग आला. घरी जाताना वाटलं, माणूस अगदीच चुकीचं बोलत नाहीये. आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजता येतात. परत आलेल्या बचावपटूचा मोसम चांगला गेला की वाईट हे कशावरून ठरवायचं? सामने? तक्त्यातली जागा? की टाळ्या?

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

झब्बू

पहिला! आता वाचतो.

पायचीत

बचावपटूच्या नावातच कुलूप. अजून काय पाहिजे?

बाकी परत आलेला खेळाडू म्हणजे माहेरवाशीण. तिच्याकडून कोणी धुणीभांडी करून घेतं का? दोन दिवस लाड करा, ओटी भरा, पाठवणी करा.

हेमांगी_क

@पायचीत, तुम्ही माहेरवाशीण कधी नीट बघितलेली दिसत नाही. पहिल्या दिवशी लाड, तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते आणि वहिनीला सांगत असते की डबे चुकीच्या फळीवर ठेवलेत. उपमा घ्यायचीच तर पूर्ण घ्या. परत आलेल्या बचावपटूचं कामही हेच असतं, डबे कुठल्या फळीवर ते सांगणं.

झब्बू

वाचलं. हेमांगीताईंना +१. फळी या शब्दावर कोटी होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आकडेमोड्या

प्रश्न चांगला आहे, पण आकड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. लीग टूचा मोसम ४६ सामन्यांचा. त्यातले समजा वीस हा खेळाडू खेळला. तो असताना सरासरी किती गुण, नसताना किती, हा हिशोब लोक लगेच मांडतात. पण वीस सामन्यांत समोर कोण होतं, आपला गोलरक्षक कोण होता, कोणाला लाल कार्ड मिळालं, यानेच निम्मा फरक पडतो. 'क्लीन शीट'चंही, म्हणजे एकही गोल न खाण्याचंही, तेच. ती अकरा जणांची कमाई असते.

टॅकलच्या आकड्याने तर फसायलाच होतं. मधल्या बचावपटूला सारखं घसरत जाऊन चेंडू काढावा लागत असेल तर बहुतेक वेळा तो आधी चुकीच्या जागी उभा होता. ज्याचं बरं चाललंय त्याच्या नावापुढे फार काही लिहिलेलंच नसतं.

मोजायचंच असेल तर एक गोष्ट मोजा: कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रो-इन यांवर आपण किती गोल खाल्ले. खालच्या लीगमध्ये मोसम तिथे बुडतो. आणि तिथे कोण कुठे उभा राहणार हे आदल्या दिवशी ठरवता येतं, म्हणजे अनुभवी माणसाचा हात दिसू शकतो.

अण्णा_लिबेरो

जुन्या क्लबात परतलेले बचावपटू म्हटल्यावर राहवत नाही. फिल जगिएल्का २००७ मध्ये शेफिल्ड युनायटेड खाली घसरल्यावर एव्हर्टनला गेला आणि बारा वर्षांनी, २०१९ मध्ये, परत आला. बहुतेक वेळ बाकावर बसला. त्याचं परतणं फसलं असं शेफिल्डचं कोणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. मायकेल डॉसन जानेवारी २००५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट सोडून टॉटनहॅमला गेला, २०१८ ला परतला आणि २०२१ मध्ये तिथेच बूट काढले. फॉरेस्ट तेव्हा दुसऱ्या पायरीवर होता.

जॉनी इव्हान्सचं उदाहरण वरच्या पायरीचं आहे, पण मजेशीर. २०१५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने सोडलेला माणूस २०२३ च्या उन्हाळ्यात सरावापुरता थोड्या दिवसांच्या करारावर आला. मग त्याला वर्षाचा करार दिला आणि मे २०२४ मध्ये एफए कप जिंकून बसला. पाहुणा म्हणून आला आणि घरच सांभाळायला लागला.

उलटं उदाहरण सोल कॅम्पबेल. तो परत आलेला नव्हता, नवाच होता. २००९ मध्ये लीग टूमधल्या नॉट्स काउंटीशी पाच वर्षांचा करार केला, मोरकॅम्बला जाऊन एक सामना खेळला, २-१ हरला आणि गेला. एक! खालच्या लीगचं फुटबॉल मोठ्या नावाला विचारत नाही हे त्या एका दुपारी कळलं असावं.

गोलपोस्टचा_शेजारी

मिडफिल्डर चालेल का? सांती काझोर्ला. लहानपणी स्पेनमधल्या ओविएदो क्लबच्या अकादमीत होता, २००३ मध्ये क्लब पैशाअभावी गाळात गेला म्हणून व्हियारेआलला गेला. २०२३ मध्ये परतला तेव्हा स्पेनची दुसरी पायरी. पगार नियमाने देता येईल तेवढा कमीत कमी घेतला आणि त्याच्या शर्टांच्या विक्रीतला वाटा मुलांच्या अकादमीला द्यायला लावला. २०२५ मध्ये क्लब २४ वर्षांनी ला लीगात, म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर, गेला. निर्णायक सामन्यात चाळिशीच्या या माणसाने पेनल्टीवर गोल केला. मी रडलो, सांगायला लाज नाही.

चौकडीशर्ट

@गोलपोस्टचा_शेजारी, चालेल. पण बघा, पेनल्टी मारली म्हणून तुम्हाला रडता तरी आलं. आमचा माणूस बॉल स्टँडमध्ये भिरकावतो. त्यावर रडायचं कसं?

स्टेथोस्कोप

धागाकर्त्याला एक दुरुस्ती. बोर्नमथला झाला तो 'हृदयविकाराचा झटका' नव्हे. झटका म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे. त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं म्हणतो. इथे हृदयाची विद्युतलय बिघडून ते थरथरत राहिलं आणि रक्त पुढे ढकलणं थांबलं. याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. माणूस उभ्या उभ्या कोसळतो आणि मिनिटं मोजावी लागतात. वर्तमानपत्रंही हा घोळ करतात, म्हणून लिहिलं.

छातीतलं यंत्र म्हणजे कातडीखाली बसवलेला डिफिब्रिलेटर. तो सतत लय ऐकत असतो. घातक लय दिसली तर आतूनच विजेचा धक्का देतो. खेळायला काही मदत नाही त्याची. शांत बसलेला असतो, रखवालदारासारखा. (किंवा बचावपटूसारखा, असं आकडेमोड्या म्हणतील.)

यंत्र घेऊन खेळू द्यायचं की नाही हे देशागणिक बदलतं. ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये कोसळला. इटलीत यंत्रासह खेळायला मनाई, म्हणून त्याच डिसेंबरमध्ये तिथल्या इंटर क्लबशी त्याचा करार संपला आणि जानेवारीत तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडे गेला. डेली ब्लिंड, हा तर बचावपटूच, यंत्रासह २०२२ चा विश्वचषक खेळला आणि अमेरिकेविरुद्ध गोलही केला. उलट फाब्रीस मुआम्बा. मार्च २०१२ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर कोसळला, ७८ मिनिटं हृदय बंद होतं. वाचला, पण त्याच वर्षी निवृत्त झाला.

माझं मत विचाराल तर या मोसमाचा हिशोब पहिल्याच दिवशी जमेत आहे.

खडूस_काका

डॉक्टरसाहेब, माहितीला दंडवत, शेवटच्या वाक्याला नाही. माणूस वाचला याचा आनंद सगळ्यांना आहे. पण फुटबॉल क्लबचा हिशोब वेगळा. लीग टूमध्ये पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात बांधलेला असतो. दीड-दोन वर्षं स्पर्धात्मक सामना न खेळलेल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाला दिलेला पगार हा एकोणीस वर्षांच्या कोणाला तरी न दिलेला पगार असतो. चोवीस संघांतले खालचे दोन फुटबॉल लीगच्या बाहेर जातात. धागाकर्त्याने ते एकदा भोगलंय. तरी हा उमाळा?

आणि आठवणींचं म्हणाल तर त्या आठवणीतले खेळाडू, प्रशिक्षक, मालक कुठे आहेत आता? क्लब तोच असतो असं आपण उभे राहणारे म्हणतो, कारण आपण तेच असतो.

पायचीत

काका आले. धागा आता शंभरी गाठणार.

चौकडीशर्ट

@स्टेथोस्कोप, चूक मान्य. मूळ लेखात बदल करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद लटकेल.

@खडूस_काका, शेवटचं वाक्य लागलं. पण क्लब तोच राहत नाही हे त्यालाही ठाऊक असणार. तो नसताना २०२२ मध्ये आम्ही शेवटच्या दिवशी स्कनथॉर्पला ७-० हरवून वर चढलो. गुण नॉर्थॅम्प्टनइतकेच, गोलफरकही सारखा, फक्त केलेले गोल जास्त. मग २०२५ मध्ये पुन्हा खाली. तो घर सोडून गेला, मध्ये घरात लग्नंही झाली आणि गळतीही लागली.

झब्बू

जाता जाता, रोव्हर्सना 'गॅस' का म्हणतात?

चौकडीशर्ट

जुनं मैदान ईस्टविलला गॅसच्या कारखान्याला लागून होतं. वास मैदानात यायचा. शहरातल्या दुसऱ्या क्लबवाल्यांनी चिडवायला नाव ठेवलं, आम्ही तेच छातीवर मिरवलं. समर्थक म्हणजे 'गॅसहेड'.

पायचीत

म्हणजे तुम्ही मोसमभर गॅसवर. सार्थ नाव.

चौकडीशर्ट

२०१६ ला तर ९२व्या मिनिटापर्यंत. ली ब्राउनने डॅगनमविरुद्ध गोल केला तेव्हा ॲक्रिंग्टनशी ८५-८५ गुण आणि आम्ही गोलफरकावर वर.

दुसरा_चेंडू

माझा मोठा प्रतिसाद, चहा घेऊन बसा.

मी स्वतः मधला बचावपटू, रविवारच्या हौशी लीगमधला. सहा वर्षं दुसरीकडे खेळून जुन्या संघात परत गेलो. बूट अडकवायची माझी खुंटी कोणी घेतली नव्हती, ते बघून गळा दाटला. पहिल्या सामन्यात दहाव्या मिनिटाला समोरच्यांच्या कॉर्नरवरून चेंडू बाहेर आला आणि मी सवयीने ओरडलो, "वर या!" सोबत डाव्या बचावपटूचं नाव घेतलं. ते नाव चार वर्षांपूर्वी संघ सोडून गेलेल्या माणसाचं होतं. डावीकडे उभा असलेला पोरगा माझ्याकडे बघत जागेवर राहिला. आम्ही तिघे वर, तो खाली. ऑफसाइड गेला खड्ड्यात, समोरच्याने आरामात गोल केला. पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, तो कोण?"

मला त्या दिवशी कळलं की माझी फळी माझ्या डोक्यात होती, मैदानावर नव्हती. नंतरचे तीन आठवडे फक्त नावं पाठ केली. कोण डाव्या पायाचा, कोण हाक मारली की दचकतो, कोणाला आधी शिवी द्यावी लागते आणि कोणाला नंतर.

वरून खाली येणाऱ्याचं आणखी एक अवघड असतं. वरच्या लीगमध्ये चेंडू जमिनीवर, पासची वाट बघता येते. खाली गोलरक्षक लांब भिरकावतो, दोघे उंचपुरे एकमेकांवर आदळतात आणि खरा खेळ डोक्यावरून उडालेला दुसरा चेंडू कुठे पडतो त्यावर (माझं टोपणनाव तिथूनच). मोठ्या लीगमध्ये हेडर केला की समोर आपला मिडफिल्डर उभा असतोच असं गृहीत धरायची सवय लागते. खाली तो असेलच असं नाही. शनिवारी असेल, पण मंगळवारी रात्री पाय जड झालेले असतात तेव्हा नसेल. म्हणून अनुभवी माणूस हेडर कमी लांब मारतो आणि जास्त उंच. चेंडू हवेत राहील तेवढ्या वेळात लोक पोचतात. हे आकड्यात कुठे दिसतं मला माहीत नाही.

आकडेमोड्या

उंच हेडरचा मुद्दा पहिल्यांदा ऐकला. वाचनखूण साठवली.

अण्णा_लिबेरो

"दादा, तो कोण?" खल्लास.

खडूस_काका

दुसरा_चेंडू, सुंदर लिहिलंत, आणि माझाच मुद्दा सिद्ध केलात. तुमच्या संघाने तुमच्या नावं पाठ करण्यासाठी तीन आठवडे मोजले. तुमच्या जागी कोण बसला होता?

दुसरा_चेंडू

माझा धाकटा भाऊ. अजून बोलत नाही नीट.

हेमांगी_क

काका, एकोणीस वर्षांच्या पोराचा मुद्दा घ्यायचाच तर माझ्याकडून ऐका. मी मुलींच्या चौदा वर्षांखालच्या संघाला शिकवते. बचाव शिकवताना मुलींना सर्वात अवघड जातं ते बोलणं. पाय चालतात, तोंड उघडत नाही. "मागे माणूस", "मी घेते", "सोड", "वळ", एवढे चार शब्द. चुकीच्या वेळी ओरडले तर सगळ्या हसतील म्हणून गप्प राहतात. फळ्यावर कितीही बाण काढा, फरक पडत नाही. संघात एक मोठी मुलगी आली, जिला चुकायची लाज नाही, की महिनाभरात बाकीच्यांचे आवाज फुटतात. आणि ती मुलगी बाकावर असली तरी फुटलेले आवाज राहतात.

तुमच्या एकोणीस वर्षांच्या बचावपटूला वीस सामने द्या, जरूर द्या. पण त्याच्या कानाशी कोणी बोललंच नाही तर तो वीस सामने गप्प खेळेल.

@चौकडीशर्ट, तुम्ही गोलमागे उभे राहता ना? खालच्या लीगचा एक फायदा म्हणजे मैदानातलं बोलणं ऐकू येतं. पुढच्या सामन्याला दहा मिनिटं डोळे मिटा आणि नुसतं ऐका. कोण बोलतंय, कधी बोलतंय, चेंडू यायच्या आधी की नंतर. मोजायचंच असेल तर ते मोजा.

पायचीत

तिकीट काढून डोळे मिटायचे. याला आमच्याकडे कीर्तन म्हणतात.

स्टेथोस्कोप

अवांतर, पण महत्त्वाचं. लॉकयर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या सीपीआर मोहिमेत पुढे होता. त्यांचं 'रिव्हाइव्हर' हे मोफत साधन फोनवर पंधरा मिनिटांत छाती दाबायचा सराव करून घेतं, उशी पुढ्यात घ्यायची आणि दाबायची. मैदानावर डॉक्टर धावत येतात, घरी किंवा रस्त्यात आपणच असतो. धागा वाचणाऱ्यांपैकी दोघांनी जरी केलं तरी इथे येऊन सांगा. मला खडूस_काकांशी वाद घालायची गरज उरणार नाही.

खडूस_काका

केलं. उशी फाटली. बायको विचारते काय चाललंय.

(मुद्दा सोडलेला नाही.)

झब्बू

मीही केलं. वाटतं त्यापेक्षा जोर लागतो, दोन मिनिटांत घाम फुटला.

चौकडीशर्ट

शनिवारी केला प्रयोग. पहिला अर्धा वेळ, आमचा गोल माझ्या बाजूला. नावानिशी लिहीत नाही, एका सामन्यावरून कोणाला प्रमाणपत्र देणं बरोबर नाही.

डोळे मिटल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त शिव्या ऐकू आल्या, आमच्याच पायऱ्यांवरच्या. मग हळूहळू आतले आवाज वेगळे व्हायला लागले. गोलरक्षकाचा एकच शब्द, चेंडू आल्यावर. एक आवाज सतत, पण त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. आणि एक आवाज अगदी कमी वेळा, दर वेळी चेंडूच्या आधी. तो आला की बुटांचा आवाज माझ्यापासून लांब जायचा, म्हणजे फळी वर सरकत होती. दहा मिनिटांत मी सहा वेळा मोजला. सहाव्या वेळी त्याच शब्दाला दुसऱ्या एका कोवळ्या आवाजाने साथ दिली. तोच शब्द, अर्धा सेकंद उशिरा.

शेजारच्या गृहस्थांनी खांदा हलवून विचारलं, झोप लागली का. काय करतोय ते सांगितलं. "आजोळ"वाले हेच. त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि मग दुसऱ्या अर्ध्यात मी बघितलं तर साहेब रेलिंगला टेकून डोळे मिटून उभे. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला गोल झाला आणि त्यांचा हुकला. आता माझ्याशी बोलत नाहीत.

पायचीत

गोल कोणाचा होता ते तरी सांगा.

चौकडीशर्ट

आमचा. कॉर्नरवर, बचावपटूचा. कोणत्या, ते त्यांनाही अजून सांगितलेलं नाही.